सायकलीवरचा भोंगा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठांवरून आजवर वेदान्त, इतिहास, अर्थशास्त्र आणि साहित्य यांवर मोठमोठी माणसे बोलून गेली. तेथे एक युनियनवाला सायकलीला भोंगा कसा बांधावा हे सांगण्यास उभा राहिला आहे, हे पाहून कोणास हसू आले तर आमची काही हरकत नाही. पण विषय वाटतो तितका लहान नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात व्याख्यानमालेची प्रथा पाडली ती १८७५ साली. ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ते १८७६ साली. म्हणजे आपली व्याख्यानमाला टेलिफोनपेक्षा एका वर्षाने वडील! त्या काळी वक्त्याजवळ विद्वत्ता कितीही असो, फुप्फुसांत बळ नसेल तर ती पहिल्या चार रांगांपुरतीच राहावयाची. ज्याची छाती त्याची सभा, असा तो हिशेब होता. आज आमच्यासमोर हा मायक्रोफोन आहे म्हणून आमच्यासारख्या घसा बसलेल्या माणसाचे बोलणेही शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते. तेव्हा प्रश्न असा की, हे साधन कोणाच्या हाती असते, आणि ज्यांच्या हाती ते नसते त्यांनी काय करावे?

आपल्याकडे आवाज पोहोचविण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक दवंडीची आणि दुसरी वासुदेवाची. दवंडीवाला डफ वाजवीत गल्लीच्या तोंडाशी थांबे, हुकूम सांगे आणि पुढे जाई. वासुदेव पहाटे दारोदार फिरे आणि देवाचे नाव सांगे. एकाच्या तोंडी सरकार, दुसऱ्याच्या तोंडी देव. पण दोघांची पद्धत एकच. लोकांस एका ठिकाणी बोलवावयाचे नाही, आपणच लोकांजवळ जावयाचे. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढे ध्वनिशास्त्राचा हिशेब मांडू तेव्हा हे दोघे आडाणी मानलेले गृहस्थ इंजिनिअरांपेक्षा शहाणे ठरणार आहेत.

मुंबईत गिरण्या आल्या तेव्हा तिसरी रीत आली, ती म्हणजे गिरणीचा भोंगा. परळ-लालबागच्या चाळींतील माणूस त्या भोंग्यावर उठे, जेवे आणि झोपे. तो भोंगा मालकाचा. कामगाराचा भोंगा म्हणजे त्याचा स्वतःचा गळा. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात गिरणीच्या दारावरच्या सभा झाल्या त्या बव्हंशी गळ्याच्याच जोरावर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. अमर शेखांचा तो पहाडी आवाज ज्यांनी ऐकला त्यांनी त्याच्या आठवणी पुढच्या पिढ्यांस सांगितल्या. पण अमर शेख एखादाच जन्मास येतो. चळवळ चालवावयाची तर ती साध्या गळ्याच्या माणसांनाच चालवावी लागते.

पलीकडे विज्ञान आपल्या वाटेने चालले होते. अमेरिकेत १९१५ साली प्रिडहॅम आणि जेन्सन या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोत कर्ण्यातून गाणी आणि भाषण हजारो लोकांस ऐकविले. १९१९ साली त्यांच्याच यंत्रावरून अध्यक्ष विल्सन सॅन दिएगोत सुमारे पन्नास हजार लोकांपुढे बोलले. आपल्याकडे गांधीजींची आणि नेहरूंची जुनी छायाचित्रे पाहा. पुढे ठेवलेल्या मायक्रोफोनवर कित्येकदा 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसते. नाव शिकागोचे असले तरी कंपनी मोटवाने कुटुंबाची, इथलीच. स्वातंत्र्याची भाषा लाखो लोकांच्या कानी गेली तिच्यात या लोखंडी कर्ण्यांचाही वाटा आहे, हे इतिहास लिहिणारांनी विसरू नये.

मात्र ते यंत्र जड होते. त्यात काचेचे व्हॉल्व्ह, ते तापवावयास वेगळी वीज, शिवाय शेकडो व्होल्टचा दाब, आणि रस्त्यावर न्यावयाचे तर मोटारीची बॅटरी. हे ओझे सायकलीचे नव्हे. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हे चित्र पालटले. आज पंधरा-वीस वॅटचे अॅम्प्लिफायर काड्याच्या पेटीएवढ्या पट्टीवर मावते. जे काल टेंपोत न्यावे लागत होते ते आज कॅरिअरवर बसते. साधन स्वस्त झाले, हलके झाले, आणि तरीही आमच्या चळवळीने ते हातात घेतले नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आता गरज काय ती सांगतो. गिरणीच्या काळी एका दारातून पाच पाच हजार माणसे बाहेर पडत. एका दारावर उभे राहिले की सारी गिरणी ऐकत असे. आजची औद्योगिक वसाहत तशी नाही. तेथे शेदोनशे लहानमोठे कारखाने, प्रत्येकाचे दार निराळे, पाळी निराळी. ठेकेदाराचे कामगार बसमध्ये बसून सरळ फाटकाच्या आत जातात आणि बसमध्येच बसून बाहेर येतात. दारावरच्या सभेस ते भेटतच नाहीत. ते राहतात कोठे? वसाहतीच्या पाठीमागच्या गावात, एका खोलीत सहा-सात जण. कोणी ओडिशाचा, कोणी बिहारचा, कोणी नांदेड-परभणीकडचा. ज्यांना युनियनची सर्वांत अधिक गरज आहे त्यांच्यापर्यंतच युनियनचा आवाज जात नाही.

आणि भाड्याचा लाऊडस्पीकर घ्यावा तर त्याचे इमान मालकाच्या एका फोनपुरते. एका वसाहतीत आमची सभा सकाळी सातला ठरलेली. साडेसहाला मंडपवाल्याचा निरोप आला की गाडी बिघडली. गाडी त्याच्या दारातच उभी होती आणि उत्तम चालत होती. कोणत्या कारखान्याचा फोन गेला ते आम्ही सांगत नाही, आणि त्या मंडपवाल्यास दोषही देत नाही. त्याचेही पोट त्याच वसाहतीवर आहे. पण त्या दिवशी आमच्या मंडळींनी ठरविले की बावटा जसा आपला असतो तसा भोंगाही आपलाच असला पाहिजे. आणि तो सायकलीवर असला पाहिजे. म्हणजे पेट्रोलचा खर्च नाही, गल्लीबोळांत अडचण नाही. यात नवे असे काही नाही. इंग्लंडात १८९४ साली बर्मिंगहॅमला 'क्लॅरिअन' या समाजवादी पत्राच्या वाचकांनी सायकल-मंडळ स्थापिले आणि सुटीच्या दिवशी पत्रके घेऊन ते खेडोपाडी फिरू लागले. त्यांच्यापाशी सायकल होती, लाऊडस्पीकर नव्हता. आपल्यापाशी दोन्ही आहेत.

आता मुख्य हिशेब. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि रेडिओ दुरुस्तीच्या टपऱ्यांवर झाले. म्हणून हा हिशेब आम्ही मांडू शकतो तर कोणासही मांडता येईल. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. वॅट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो, आणि एवढी वाढ कानास जेमतेम जाणवते. उलट ऐकणाऱ्याचे अंतर निम्मे केले तर मोकळ्या जागी आवाज सहा डेसिबलने वाढतो. याचा अर्थ काय? अंतर निम्मे करून जे फुकट मिळते तेच मिळविण्यास वॅट चौपट करावे लागतात. अंतर चौथाई केले तर सोळापट वॅट वाचतात. म्हणजे कोणी दूर मंचावर बसून हजार वॅट लावतो, तेच काम आपण जवळ जाऊन साठ-बासष्ट वॅटांत करतो. मंडळी, सायकल ही नुसती वाहून नेणारी वस्तू नव्हे. सायकल हेच आपले पहिले अॅम्प्लिफायर आहे. वासुदेवास हे गणित ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती.

दुसरी बचत कर्ण्यात आहे. लग्नाच्या वरातीत ज्या पेट्यांच्या भिंती असतात, त्यांतील साध्या पेटीला एक वॅट दिला तर एक मीटरवर सुमारे ९० डेसिबल आवाज मिळतो. अॅल्युमिनिअमच्या घडीव कर्ण्याला तोच एक वॅट दिला तर १०५ च्या आसपास मिळतो. फरक पंधरा डेसिबलांचा, म्हणजे तीसपटीहून अधिक. कारण असे की कर्णा युनिटच्या लहानशा पडद्याची आणि बाहेरच्या हवेची नीट सांगड घालतो आणि आवाज चारी दिशांस न उधळता एका दिशेस लोटतो. कर्ण्यास ढोलकीचा घुमारा येत नाही, हे खरे. पोवाड्यास तो अपुरा पडेल. पण भाषणास घुमारा लागतच नाही. टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० कंपनांच्या पट्ट्यावर चालला आणि जगाचे व्यवहार त्यावर झाले. बोलण्याचा अर्थ स्वरांपेक्षा व्यंजनांत अधिक असतो. 'पैसे मिळतात' आणि 'पैसे गिळतात' यांत फरक एका व्यंजनाचा, पण कामगाराच्या दृष्टीने तो केवढा! हे व्यंजन कर्णा स्वच्छ पोहोचवितो.

आता जोडणी. आठ-दहा इंची कर्णा घ्यावा आणि त्यास ८ ओहमचे युनिट लावावे. युनिटच्या तारेत ६८ मायक्रोफॅरडचा नॉनपोलर कपॅसिटर घालावा. तो ३०० च्या खालची कंपने अडवितो. ती कर्ण्याच्या उपयोगाची नसतात आणि पडदा मात्र फाडतात. अॅम्प्लिफायर १२ व्होल्टवर चालणारे, 'क्लास डी' जातीचे घ्यावे. जुन्या जातीत निम्मी वीज उष्णतेत जाई, यात बहुतेक वीज आवाजाच्या कामी येते. १२ व्होल्टवर ८ ओहमच्या युनिटला स्वच्छ असे नऊएक वॅट मिळतात. दुकानदार सांगेल की डब्यावर शंभर लिहिले आहे. लिहू द्यावे. बॅटरी बारा व्होल्टची असता शंभर कोठून येणार, एवढे त्यास विचारावे.

बॅटरीचे दोन मार्ग आहेत. संगणकाच्या यूपीएसमधील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कोठेही मिळते. वजन दोन-सव्वादोन किलो. तीत ८४ वॅट-तास असतात, पण ती निम्म्याहून खाली उतरवू नये, नाही तर लवकर मरते. माणूस बोलतो तेव्हा वीज सारखी लागत नाही. शब्दांच्या मध्ये श्वास असतो. सरासरीने सारे यंत्र तीन-चार वॅट खाते. म्हणजे अर्ध्या बॅटरीवर दहा तास भाषण होते. दहा तास बोलणारा वक्ता आमच्या चळवळीत नाही असे नाही, पण त्यास बॅटरीने नव्हे, श्रोत्यांनी आवरावे. दुसरा मार्ग लिथियम-लोह-फॉस्फेटच्या सेलांचा. ३.२ व्होल्टचे, ६ अँपिअर-तासांचे चार सेल ओळीने जोडले की १२.८ व्होल्ट होतात. वजन सुमारे ६०० ग्रॅम, आणि आयुष्य शिशापेक्षा कितीतरी पट. त्यास संरक्षक पट्टी मात्र लावलीच पाहिजे. कोणतीही बॅटरी घ्या, तिच्या धन टोकाशी, अगदी जवळ, ३ अँपिअरचा फ्यूज घाला. लहान दिसणारी बॅटरी तारा चिकटल्या तर आग लावते.

कोणी विचारतो, डायनॅमोवर चालेल काय? सायकलीचा जुना डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा. त्याची वीज सुलट करून दाब वाढवावा लागेल, वाटेत घट होईल. तरी हिशेब मौजेचा आहे: एक तास पायडल मारावे तेव्हा जेमतेम पाऊण तासाचे भाषण पदरी पडते. सगळ्याच पुढाऱ्यांस हा नियम लावला तर देशाचे कल्याण होईल, असे आमच्या एका सहकाऱ्याचे मत आहे.

मायक्रोफोन साधा, डायनॅमिक, एकाच दिशेने ऐकणारा घ्यावा. बोलणाऱ्याने कर्ण्याच्या मागे उभे राहावे, पुढे नव्हे. पुढे गेले की कर्ण्याचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. तोंड तीन इंचांवर ठेवावे. फुटभर अंतर तीन इंचांवर आणले म्हणजे ते दोनदा निम्मे झाले. बारा डेसिबल मिळाले, सोळापटीचे काम झाले. येथेही तोच नियम: जवळ या, ओरडू नका.

सायकल काळी, दणकट, दुपायी स्टँडची असावी. अशा सायकली देशभर पुरविणाऱ्या अॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला आणि तेथील कामगार रस्त्यावर आले. हे त्या सायकलीवर बसताना आम्हांस आठवते. बॅटरी दांडीच्या खाली, त्रिकोणी सांगाड्यात बांधावी, म्हणजे वजन खाली आणि मधोमध राहते. कर्णा हँडलवर टांगू नये, वळताना तोल जातो. पुढच्या कॅरिअरला लोखंडी पट्टीने बसवावा आणि तोंड किंचित खाली कलते ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत राहत नाही. आमचे रस्ते म्हणजे नटबोल्टांची परीक्षा. प्रत्येक बोल्टास स्प्रिंग वायसर घालावा आणि पट्टीखाली जुन्या ट्यूबचे रबर द्यावे. तारांना सोल्डरच्या जागी ताण बसू देऊ नये. तार आधी डब्यास बांधावी, मग जोडावी. अॅम्प्लिफायर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. सारे मिळून पाच-सहा किलोंच्या घरात जाते. दुधाच्या एका कॅनपेक्षा कमी.

आता कायदा. काहींना वाटते की चळवळीस कायदा नसतो. आम्ही त्या मताचे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो बंद. इस्पितळे, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटर शांतता. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी असेल त्याहून वर जाता कामा नये. औद्योगिक भागात दिवसा ७५, राहत्या वस्तीत ६५. आता आपला हिशेब पाहा. कर्ण्यास एक वॅट दिला की एक मीटरवर १०५. दोन मीटरवर ९९, चारवर ९३, आठवर ८७, सोळावर ८१, बत्तीसवर ७५. म्हणजे कारखान्याच्या दारापुढे नऊ वॅट लागतच नाहीत. एका वॅटमध्ये शंभर फुटांपर्यंत कायद्यात बसणारा आणि कळणारा आवाज जातो. वस्तीत तर बटण आणखी खाली. पाळी करून निजलेल्या कामगाराची झोप मोडून कामगारांची चळवळ होत नाही. भिंती हादरविणाऱ्या मिरवणुकींची बरोबरी आपल्यास करावयाची नाही. त्यांना लोकांचे कान व्यापावयाचे असतात, आपल्यास लोकांशी बोलावयाचे असते.

शेवटी, या यंत्राचा खरा उपयोग कशात आहे ते सांगितले पाहिजे. आम्ही वस्तीत सायकल उभी करतो, दोन मिनिटे बोलतो आणि मायक्रोफोन समोरच्याच्या हाती देतो. पहिल्यांदा कोणी घेत नाही. घेतला तर हसतो आणि पुढच्यास देतो. एके संध्याकाळी एका ओडिया तरुणाने तो घेतला आणि खिशातून आपली पगारचिठ्ठी काढून वाचू लागला. भाषण नाही, घोषणा नाही. आधी तास वाचले, मग दर, मग कापणी. जादा कामास दुप्पट दर हे तत्त्व १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेले आहे. त्याच्या चिठ्ठीत जादा तास होते आणि दर एकेरीच होता. तो आकडा कर्ण्यातून बाहेर पडताच ओट्यावर बसलेली माणसे उठली, खोल्यांत गेली आणि आपापल्या चिठ्ठ्या घेऊन आली. एकापाठोपाठ एक, आपापल्या भाषेत, त्यांनी आकडे वाचले. भाषा चार होत्या, आकडा एकच निघाला. पंचवीस वर्षे भाषणे करून आम्हांस जे दाखविता आले नाही ते त्या चिठ्ठ्यांनी पाऊण तासात दाखविले. पुढे मागणीपत्र लिहिले गेले, त्यावर सह्या झाल्या. तो तंटा अजून चालू आहे, आणि निकाल काय लागेल हे आज कोणी सांगू शकत नाही. पण आपली लूट ही आपल्या एकट्याची नाही हे त्या माणसांस कळले, ते आता कोणत्याही निकालाने पुसले जाणार नाही.

म्हणून आमचे तरुण कार्यकर्त्यांस सांगणे एवढेच की मोठ्या मंचाची वाट पाहू नका. पान्हा, सोल्डर आणि थोडे गणित एवढ्या भांडवलावर आवाज तयार होतो. तो स्वतःच्या हाताने बांधा, म्हणजे बिघडला तर स्वतःच दुरुस्त कराल आणि कोणाच्या फोनने तो बंद पडणार नाही. पण बांधून झाल्यावर तो स्वतःपाशीच धरून बसू नका. गिरणीच्या भोंग्यास ऐकणे माहीत नव्हते, म्हणून तो मालकाचा होता. आपल्या भोंग्याला एक तोंड आहे आणि एक मायक्रोफोनही आहे. त्या मायक्रोफोनपुढे कोण उभा राहतो यावर तो कोणाचा हे ठरावयाचे आहे.

 सायकल बाहेर फाटकाशी उभी आहे. ज्यांस यंत्र उघडून पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर आम्ही बरोबर आणलेले आहेत.